दुपारी चढणारा ताप

भिंत भरीव आहे की पोकळ, हे आमच्या धंद्यात बोटाच्या पेरानं कळतं. दोन पत्र्यांच्या मध्ये फोमचा जाड थर भरलेला असला की टकटक केल्यावर आवाज आतल्या आत मरतो. नुसता पत्रा असला की घरभर वाजतो. गिऱ्हाईक असो, इंजिनिअर असो, नाहीतर कोणाचा हुशार जावई असो, घर बघायला आलेला प्रत्येक जण आधी भिंत वाजवतो आणि मग जाणत्यासारखी मान हलवतो. छत कोणी वाजवत नाही, कारण तिथवर हात पोचत नाही. हे मी कितीतरी वर्षं पाहत आलो होतो आणि एकदा त्याचा फायदा घेतला.

मलकापूरला हायवेच्या कडेला माझं वर्कशॉप आहे. आधी मी शेतातल्या पत्र्याच्या खोल्या, चहाच्या टपऱ्या, वजनकाट्याच्या केबिनी असलं काहीबाही करायचो. मग तयार घरं करायला लागलो. भिंती, छत, दारं, खिडक्या सगळं वर्कशॉपात बनवायचं, ट्रकवर घालायचं आणि गावात बांधून ठेवलेल्या ओट्यावर चार दिवसांत उभं करायचं. रेती मिळत नाही, गवंडी येत नाही, पाणी नाही, ही रड नको. लोकांना ते पटायला लागलं होतं.

तेवढ्यात एका संस्थेनं आमच्या भागात मदत सुरू केली. घरकुलाच्या यादीत ज्यांचं नाव बसत नाही, अशांच्या तयार घरासाठी संस्था ठरावीक रक्कम देणार होती. अट एकच, घर त्यांच्या ऊर्जाबचतीच्या नियमांत बसलं पाहिजे. भिंतीत थर हवा, छतात त्याहून जाड थर हवा, खिडक्या समोरासमोर हव्यात, छताला पांढरा रंग हवा. उन्हाळ्यात कूलर न लावता माणूस घरात राहू शकला पाहिजे, असं त्या कागदात लिहिलं होतं. मी तो कागद वाचून मनसोक्त शिव्या दिल्या. थर वाढला की किंमत वाढते, आणि संस्थेचा वाटा ठरलेला असल्यामुळे वाढलेला सगळा भार घरवाल्याच्या डोक्यावर. ज्याच्याकडे मुळात कमी आहे त्यालाच चांगलं घर घ्यायची सक्ती, असं मी वर्कशॉपात ज्याला त्याला ऐकवत असे. माझं ते म्हणणं आजही अगदीच चूक वाटत नाही. पण नियमही चूक नव्हता, आणि मला तर तो कळतही होता. पत्र्याच्या छताखाली घाम गाळून मी जगलो होतो, नियम लिहिणारा नव्हे.

पहिलंच गिऱ्हाईक आलं ते मोताळा तालुक्यातल्या एका गावातून. अंगणवाडीत मदतनीस असलेली बाई आणि तिची एकोणीस वर्षांची मुलगी. नवरा सुरतेला कापडाच्या कारखान्यात, दिवाळीला आणि कधीमधी येणारा. घरी सासरे, त्यांना ती मामाजी म्हणे. ते इथंच मलकापूरला कापसाच्या जिनिंगमध्ये आयुष्यभर राबले, आणि कंबरेचं हाड मोडल्यापासून खाटेवर होते. त्यांचं जुनं मातीचं धाब्याचं घर एका बाजूनं बसलं होतं आणि ते लोक विहाराच्या मागच्या खोलीत तात्पुरते राहत होते.

मुलीनं वहीच्या चौकोनी कागदावर घर काढून आणलं होतं. एक खोली आजोबांची आणि आईची. दुसरी लहान, तिची. मुलगी बारावी झालेली, नर्सिंगच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करत होती. एकदा परीक्षा दिली होती, थोडक्यात हुकली होती. विहारात दिवसभर कोणी ना कोणी येतं-जातं, अभ्यास होत नाही, म्हणून तिला दार लावता येईल अशी खोली हवी होती. कागदावर तिनं टेबलसुद्धा काढलं होतं, खिडकीला लागून.

मी आकडेमोड केली. नियमाप्रमाणं करायचं तर त्यांच्या पैशात एकच खोली बसत होती.

बाईनं मुलीकडं बघितलं. मुलीनं कागद उचलून दुमडला आणि पिशवीत घालायला लागली. तिनं तोंड वाकडं केलं नाही, हट्ट केला नाही. तसं केलं असतं तर मी कदाचित हात वर करून मोकळा झालो असतो.

"थांबा," मी म्हणालो. "बसवतो मी दोन खोल्या. माह्यावर सोडा."

"पण नियमात बसन ना, भाऊ? मंग संस्थावाले पैसे नाही देनार."

"बसते. तुम्ही टेन्शन घेऊ नका, ताई."

"काही कमी तं नाही करान ना घरात?"

"नाही वो. मी माह्या मजुरीतून सोडतो थोडं."

हे मी बोललो. असं काही सोडायचा माझा विचार नव्हता, आणि मला काय करायचंय ते मला त्याच क्षणी ठाऊक होतं. पण बाईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मुलगी माझ्याकडे बघून हसली, आणि त्या दोघींच्या नजरेत मी कोणीतरी मोठा माणूस झालो. ते मला फार आवडलं. शिवाय हे पहिलं घर पास झालं की संस्थेची पुढची सगळी कामं माझीच, हेही डोक्यात होतं. दया आणि मतलब अशी एकत्र आली की माणसाला आपलं मन अगदी स्वच्छ वाटतं.

भिंती मी नियमाप्रमाणं केल्या. छताला मात्र नुसता पत्रा टाकला. खालून पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांचं सिलिंग लावलं, वरून पांढरा रंग मारला. आणि छताची कड बाहेरून दिसते तिथं थर भरलेल्या पॅनलच्या वीतभर पट्ट्या कापून चारी बाजूंनी बसवल्या. खाली उभं राहून बघणाऱ्याला वाटावं की छत इतकं जाड आहे. पट्ट्या मी स्वतः बसवल्या. माझ्या माणसांपैकी एकानं विचारलं, तर त्याला म्हटलं, थर नंतर टाकायचा आहे.

आजोबांना खाटेसकट आत आणलं, त्या दिवशी त्यांनी पडल्या पडल्या हात लांब करून भिंत वाजवली. जिनिंगमध्ये गाठी थोपटून त्यांचा हात तयार झालेला.

"भरीव हाय," ते म्हणाले. "मिस्तरी, काम चोख केलं तुम्ही. मले वाटलं होतं डबाच असन."

"डबा काऊन असन, बाबा."

"धाब्याच्या घरात जलमलो, डब्यात मरा लागते का काय, असं म्हनून राह्यलो होतो सुनेले." आणि ते हसले.

आठवड्यानं संस्थेचा इंजिनिअर आला. भला तरुण होता. त्यानं भिंती वाजवल्या, खिडक्या मोजल्या, बाहेरून छताच्या कडेचा फोटो घेतला आणि आजोबांनाही विचारलं, घर कसं आहे. माघ चालू होता, सकाळचे दहा वाजले होते. आजोबा म्हणाले, थंडगार. घर पास झालं. तसा दाखला दारामागं चिकटवायचा होता, तो मुलीनंच चारी कोपरे नीट दाबून चिकटवला.

ते घर मी नमुना म्हणून दाखवायला लागलो. नवीन गिऱ्हाईक आलं की त्याला गाडीत घालून तिकडं न्यायचं. बाई कौतुकानं घर दाखवायची, चहा करायची, आणि माझ्यादेखत लोकांना सांगायची की या भाऊनं स्वतःचं कमी करून आम्हाला दुसरी खोली दिली. होळीनंतर मी गिऱ्हाईकं सकाळी आठच्या आत नेत असे. लोकांना वाटे, मिस्तरी कामाचा माणूस, लवकर उठतो.

एप्रिलमध्ये एकदा असाच सकाळी गेलो, तर बाईचा चेहरा उतरलेला. आजोबांना ताप येत होता. रोज दुपारी चढायचा, रात्री उतरायचा, सकाळी नाही. आठवडा झाला होता. गावच्या आशाताईनं गोळ्या दिल्या, त्यानं घाम यायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मोताळ्याला नेऊन रक्त तपासलं, त्यात काही निघालं नाही.

"घरात गरम होते का फार?" मी विचारलं. माझ्याच तोंडून ते निघालं.

"आता उन्हाया हाय, तं होनारच. आमाले बी होते. पन मी दिवसभर अंगनवाडीत, मंग शेतात. ही तं चोवीस तास इथंच अभ्यास करते, तिचं अंग घामानं चिंब होते, पन ताप तं तिले येत नाही ना." मग तिनं दारामागच्या दाखल्याकडं बघितलं. "घर तं थंड हाय आपलं. पास केलेलं. मामाजीच्या आंगातच काही असन."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. दुपारी त्यांना बाहेर कडुनिंबाखाली खाट टाकून द्या, एवढं तरी सांगायला हवं होतं. पण ते सांगितलं की पुढचा प्रश्न आलाच असता. मी त्यापेक्षा मोठेपणाचं काम केलं. आजोबांना माझ्या गाडीतून मलकापूरला नेलं, ओळखीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात ठेवलं आणि बिल मी देतो म्हणालो. पक्क्या स्लॅबच्या, कूलर लावलेल्या खोलीत तीन दिवस आजोबांना एकदाही ताप आला नाही. ते उठून बसले, नर्सशी गप्पा मारल्या, जिनिंगमधल्या जुन्या भानगडी मला सांगितल्या. डॉक्टर म्हणाले, कसला तरी संसर्ग असेल, गेला. बाई म्हणाली, डॉक्टरच्या हाताला गुण आहे. घरी नेल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी ताप आला.

मग त्या घरात लोक कुजबुजायला लागले. जो ताप तपासणीत सापडत नाही आणि औषधाला जुमानत नाही, तो कसला, हे म्हाताऱ्या माणसांना विचारावं लागत नाही. आजोबांनी सुनेला बोलावून सांगितलं की माझं काही खरं नाही. नातीचं लग्न तेवढं बघून जाऊ द्या.

स्थळ आधीपासून येऊन पडलेलं होतं. सुलतानपूरचं, शेतीवाडी असलेलं, माणसं बरी. मुलगी शिकतेय, अजून दोन वर्षं थांबू, असं बाईनंच त्यांना कळवलेलं होतं. आता तिनंच फोन केला. मुलाकडचे म्हणाले, शिकायचं असेल तर शिकू दे की, आमची ना नाही. असं सगळेच म्हणतात.

स्थळाला फोन गेल्याचं आणि आपण अजून हो म्हटलं नसल्याचं मला मुलीनंच सांगितलं. मी कोणाला तरी घर दाखवायला गेलो होतो, गिऱ्हाईक बाहेर ओटा मोजत होतं. एवढं सांगून मुलगी आतून वही घेऊन आली. अभ्यासाचीच वही, पण मागच्या पानांवर तिनं आखून रकाने केले होते. सकाळी सहा, दहा, दुपारी एक, तीन, संध्याकाळी सहा, रात्री नऊ. प्रत्येक वेळेचा आजोबांचा ताप. थर्मामीटर आशाताईकडून मागून आणलेला. तीन आठवड्यांची पानं होती, एकही रकाना रिकामा नव्हता.

"काका, पाहा ना," ती हळूच म्हणाली. "एकच्या नंतरच चढते. ज्या दिवशी अभ्र होतं त्या दिवशी चढलाच नाही. दवाखान्यात तीन दिवस नाही. आन् मी एक दिवस थर्मामीटर टेबलावरच ठेवलं होतं, आंगाले न लावता. दुपारी ते बी वर गेलं." तिनं माझ्याकडे बघितलं. "घरामुळं तं होत नसन?"

मला तिचा चेहरा आजही दिसतो. आरोप नव्हता त्यात. परीक्षेतलं गणित सुटलंय की नाही हे मास्तरांना विचारावं, तसं ती विचारत होती. आणि घराच्या बाबतीत मास्तर मीच होतो.

"नाही वो," मी म्हणालो. "घर तपासून पास केलेलं हाय, बेटा. थर हाय ना त्याच्यात. थर्मामीटर खराब असन ते, नाहीतर पाहाण्यात काही चुकलं असन. ताप पाहानं सोपं नसते."

"हो का," ती म्हणाली. वही मिटून ती आत गेली. बाहेर गिऱ्हाईक मला हाका मारत होतं. त्यानं तसंच घर नक्की केलं.

मी वाईट माणूस नाही, असं मी त्या दिवशी गाडी चालवताना स्वतःला सांगत होतो. खोटं बोलायला मला किती वेळ लागला, हे मात्र मला चांगलं आठवत होतं. काहीच वेळ लागला नव्हता.

लग्न मे महिन्यात विहारासमोरच्या मांडवात झालं. आजोबांना खाटेसकट मांडवात आणलं होतं, आणि नातीवर त्यांनी पडल्या पडल्याच फुलं टाकली. मांडवात वारा होता. त्या दिवशी त्यांना ताप आला नाही, आणि जमलेले सगळे म्हणाले, बघा, जीव अडकला होता. मला पहिल्या पंगतीला बसवलं. बाईनं मला आग्रह करून दुसऱ्यांदा वाढलं. मी खाल्लं.

पाऊस सुरू झाला, छताचा पत्रा गार झाला आणि आजोबांचा ताप गेला तो गेलाच. ते बसायला लागले, जेवायला लागले. गावात सांगायला लागले की नातीनं सासरी जाऊन मला जगवलं. हे त्यांनी मला, माझा हात हातात घेऊन, तीन वेगवेगळ्या वेळी सांगितलं. तिसऱ्या वेळी मी ऐकू शकलो नाही.

"बाबा," मी म्हणालो, "तुमचा ताप आजाराचा नव्हता. छतात थर नाही. नुस्ता पत्रा हाय वर. मी टाकलाच नाही."

बाई चुलीपाशी भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. मी सगळं सांगितलं, कडेच्या पट्ट्यांपासून सकाळी आठच्या गिऱ्हाइकांपर्यंत.  तिनं मला हाकलून दिलं असतं तर बरं वाटलं असतं. आजोबांनी वर सिलिंगकडं बघितलं.

"म्हंजे मी मरत नव्हतो," ते म्हणाले.

"नाही, बाबा."

"मंग पोरीले काऊन धाडलं आपन?" हे त्यांनी सुनेला विचारलं, मला नाही.

बाईनं हात धुतले, पदराला पुसले. "एक खोली सांगतली असती तं एकच घेतली असती मी, भाऊ," ती म्हणाली. "विहारात बसून केला असता तिनं अभ्यास. नाहीतर दोनच घेतल्या असत्या, आन् मामाजीले दुपारी निंबाखाली टाकलं असतं. काही बी केलं असतं. तुम्ही सांगतलंच नाही तं आमी काय कराव?" तिचा आवाज चढला नव्हता. मग तिनं मोबाइल उचलला. "तिले बी तुम्हीच सांगा. मी नाही सांगनार."

छत मी पुढं माझ्या खर्चानं भरून दिलं, संस्थेलाही कळवलं आणि तिथली कामं गेली. त्याचं कौतुक नको. ती लहान खोली आता दुपारीसुद्धा गार असते आणि तिच्यात धान्याची पोती ठेवलेली असतात.

त्या दिवशी फोन मुलीच्या सासूनं उचलला, मग तिला दिला. मागं भांड्यांचा आवाज येत होता. मी नाव सांगितलं आणि जे आजोबांना सांगितलं तेच पुन्हा सांगितलं. या वेळी जास्त अडखळलो. 

"म्हंजे थर्मामीटर खराब नव्हतं?" तिनं विचारलं.

"नव्हतं. तुह्या वहीत सगळं बरोबर होतं, बेटा. मी खोटं बोललो."

 पलीकडं कोणीतरी तिला काहीतरी विचारलं आणि तिनं फोन बाजूला धरून "आली" म्हटलं.

"मले वाटलं, आपल्याले साधा ताप बी पाहता येत नाही," ती मला म्हणाली. "मंग नर्स काय होनार. म्हनूनच हो म्हनलं मी लग्नाले."